बिनतारी जाळ्यापूर्वीची पाहणी

शाळेत किंवा वसतिगृहात वाय-फाय बसवावयाचे ठरले की ‘यंत्रे किती घ्यावयाची?’ हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. वस्तुतः तो शेवटचा प्रश्न होय. त्यापूर्वी वास्तू, वापरणारी माणसे आणि तेथील रेडिओ लहरी यांची माहिती जमविणे अगत्याचे असते.

प्रथम वास्तूचा विचार करू. मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झाले की लहरींचे बळ चौथा हिस्साच उरते. त्यात भिंतींची भर पडते. लाकडी दार थोडे बळ घेते, विटांची भिंत त्याहून अधिक; जाड दगडी भिंत व सळयांचा स्लॅब तर फारच. पत्रा आणि लोखंडी कपाट लहरी परतवितात, पाण्याची टाकी त्या शोषून घेते. म्हणून नकाशा हाती घेऊन प्रत्येक खोलीत फिरावे. मागाहून उभारलेली भिंत किंवा कपाटांची रांग जुन्या नकाशात सापडत नाही. ती आपणच नोंदवावी लागते.

दुसरी बाब माणसांची. कोण, कोठे आणि केव्हा जाळे वापरणार, हे विचारून घ्यावे. निवासी शाळेत दिवसा वर्ग भरतात, तर रात्री वसतिगृह. एका ॲक्सेस पॉइंटला जोडलेली उपकरणे एकच वाहिनी वाटून घेतात; त्यामुळे साठ जणांच्या दालनात सिग्नल उत्तम असूनही वेग अपुरा पडू शकतो. शिवाय मानवी शरीरही लहरी शोषते. रिकाम्या दालनातील मोजणीवर विसंबू नये.

तिसरी बाब लहरींची. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या १, ६ आणि ११ अशा तीनच मानल्या जातात. शेजारच्या इमारतीतील यंत्रे त्याच वाहिन्यांवर असू शकतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये वाहिन्या अधिक, परंतु भिंतीपलीकडे पोहोच कमी. सिग्नलची मोजणी मोबाइलवरील ॲपनेही करता येते. आकडे ऋण असतात: उणे ६७ डेसिबल-मिलिवॅट हा चांगल्या जोडणीसाठी सर्रास वापरला जाणारा निकष आहे, आणि उणे ७७ म्हणजे त्याच्या एक दशांश बळ.

यासोबतच इंटरनेटची तार इमारतीत कोठून येते, वीज गेल्यास इन्व्हर्टरची सोय आहे काय, हेही लिहून ठेवावे. ॲक्सेस पॉइंटपर्यंत जाणाऱ्या तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे. जिन्याची चढउतार आणि भिंतीकडेचे वळसे त्यातच धरावयाचे असतात.

ही मोजणी कोठे करावी, हा खरा कळीचा मुद्दा आहे. मुख्याध्यापकांच्या दालनात सिग्नल बहुधा उत्तमच मिळतो, कारण राउटर तेथेच ठेवलेला असतो. मोजावयाची असते ती वसतिगृहाच्या शेवटच्या खोलीतील कोपऱ्याची खाट. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या अखेरच्या रात्री त्या खाटेवरील विद्यार्थ्याला जोडणी मिळाली नाही, तर इतरत्र मिळणाऱ्या वेगाचा त्याला काहीच उपयोग नाही. विद्यार्थ्यांनीच गट करून खोली, वेळ आणि आकडा असा तक्ता तयार करावा. जाळे उभे राहिल्यावर त्याच ठिकाणी, त्याच वेळी पुन्हा मोजावे. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की खर्च केलेला पैसा कोणापर्यंत पोहोचला, हे स्पष्ट दिसते.