नाव बदल, अर्थ बदलू नकोस

पुणे

चि. रेवास,


असेम्ब्लरमधली इन्स्ट्रक्शनची नावं एकदाची नीट लावायची, हा तुझा बेत कळला. बेत चांगला आहे, पण कोणत्या बदलाने कुणाला त्रास होतो ते आधी पाहा.

रिस्क-फाइव्हचंच घे. 'एफएमव्ही.एक्स.एस' ही इन्स्ट्रक्शन फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरमधले 32 बिट जसेच्या तसे पूर्णांकाच्या रजिस्टरमध्ये उतरवते. शेवटचा 'एस' सिंगल प्रिसिजनचा, त्यामुळे आकड्याचं रूपांतर होतंय असं वाटायचं. म्हणून मानकाच्या 2017 सालच्या 2.2 आवृत्तीत तिथे वर्डचा 'डब्ल्यू' आला. त्याआधी 'एस-कॉल'चा 'ई-कॉल' झाला होता, कारण ती हाक फक्त सुपरवायझरलाच मारता येते असं नव्हतं. दोन्ही वेळा एन्कोडिंगमधला एकही बिट हलला नाही आणि ग्नू असेम्ब्लर जुनी नावंही मुकाट्याने घेत राहिला. नावात सुधारणा करावी ती अशी.

जुनं नाव काढून टाकलंस तर लोकांचा सोर्स अडेल. झायलॉगने 1976 साली झेड-80 आणला, तेव्हा इंटेलच्या 8080 वरच्या 'एमओव्ही', 'एमव्हीआय', 'एलएक्सआय' या सगळ्यांसाठी एकच 'एलडी' ठेवलं. वाचायला सुटसुटीत झालं आणि 8080 चे तयार प्रोग्रामही चालत, पण जुना सोर्स नव्या असेम्ब्लरला कळेना. तरी हा त्रास निदान बोलका: एरर येते, माणूस दुरुस्त करतो.

घातक बदल तिसराच. एक्स-86 च्या एटी अँड टी पद्धतीत 'एफसब' आणि 'एफसबआर' या वजाबाकीच्या इन्स्ट्रक्शनची काही रूपं फार पूर्वीच उलटसुलट झाली. चूक सर्वांना ठाऊक आहे, मॅन्युअलमध्येही नोंदलेली आहे, तरी ती तशीच राहू दिली. सरळ करायला गेलं तर जुन्या सोर्समधली वजाबाकी उलटी होईल आणि असेम्ब्लर चकार शब्द काढणार नाही. म्हणून जुनं नाव मोकळं झालं असं समजून ते दुसऱ्या इन्स्ट्रक्शनला कधीही देऊ नकोस, कितीही शोभून दिसलं तरी.

आता कामाचं. डिसअसेम्ब्लर इन्स्ट्रक्शनच्या तक्त्यात वरून खाली बघतो आणि पहिली जुळणारी ओळ छापतो. तेव्हा नव्या नावाची ओळ वर ठेव, जुन्याची तिच्याखाली. मग दोन्ही नावांनी लिहिलेला सोर्स असेम्बल करून बाइट सारखे येतात का आणि उलट वाचताना नवंच नाव दिसतं का, ते तपास. नावांच्या पॅचमध्ये दुसरी कोणतीही दुरुस्ती घुसवू नकोस. तपासणाऱ्याला 'एकही बाइट बदललेला नाही' एवढंच पडताळायचं असलं, तर मोठा पॅचही भराभर पुढे सरकतो.

आधी चाचण्या लिही. त्या जुन्या नावांवर पास झाल्या की मगच तक्त्याला हात लाव.

तुझा,
मामा