पक्षिनिरीक्षणाची सहल : पूर्वतयारी



दापोडे परिसरातील शाळांस ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य सहलीसाठी सोयीचे आहे. सन २०१५ मध्ये घोषित झालेल्या व २०२२ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १७ चौरस किलोमीटर आहे. हिवाळ्यापासून मेपर्यंत येथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ऐरोली येथून नौकेने ते पाहता येतात.

सहलीचा दिवस केवळ सुटी पाहून ठरवू नये. भरती पाहून ठरवावा. मागे एक सहल ऐन ओहोटीत पोहोचली. नौका निघाली नाही. मुले डबे खाऊन परतली. आखणी माझी होती, चूकही माझीच. किनाऱ्यावरील लोकांचा ठोकताळा सोपा आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरती पूर्ण होण्याची वेळ स्थूलमानाने कळते. त्रयोदशीस ती पावणेदहा येते. हे गणित मुलांकडूनच करवून घ्यावे. मात्र नौकेची वेळ तेथील केंद्राकडून पक्की करावी.

नौकेत प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे. गलका कटाक्षाने टाळावा. बुजलेला थवा चरणे सोडून उडतो. ‘हा पक्षी चोच उलटी करून कसा खातो? त्याचा रंग गुलाबी का?’ हे प्रश्न आधी द्यावेत. रंग शेवाळादी अन्नातून येतो, हे उत्तर परतल्यावर सांगावे.

शंभर नावे पाठ करण्यापेक्षा एक पक्षी नीट पाहिलेले मूल अधिक शिकते.