दोन टायरचे पैसे वाचवले आणि गाडीच बसली: फोर बाय फोर पिकअपवाल्यांसाठी धडा

व्हिडिओत फळ्यावर जे गणित केलं, ते इथे नीट लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. विषय टायरचा आहे, पण धडा धंद्याचाच आहे.

आधी माझी चूक सांगतो. ट्रेनिंग सुरू करण्याआधी मी अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याकडच्या वाड्यांमधून दूध गोळा करून शीतकरण केंद्रावर पोहोचवायचो. गाडी सेकंडहँड फोर बाय फोर पिकअप. त्या वर्षी पावसाच्या तोंडावर मागचे दोन टायर पार गोटा झाले होते. पुढच्या दोघांवर थोडी नक्षी शिल्लक होती. खिशात दोनच टायरचे पैसे, म्हणून मागे दोन नवे टाकले. मनात म्हटलं, माल मागेच असतो, पुढचं पुढच्या वर्षी बघू.

आवणीच्या दिवसांत वाडीत चिखल एवढा, की फोर-एच लावल्याशिवाय गाडी निघायची नाही. आणि पुढे पुन्हा चिखलाची वाडी आहे म्हणून मधल्या डांबरी रस्त्यावरही मी लिव्हर तशीच ठेवायचो. काही दिवसांनी स्टिअरिंग जड लागायला लागलं. मग लिव्हर टू-एचमध्ये येईना. मी दुर्लक्ष केलं. एका सकाळी ट्रान्सफर केसमधून कडकड आवाज आला आणि भरल्या कॅनांसह गाडी रस्त्यातच बसली. दुसरी गाडी मिळेपर्यंत दूध आंबलं, केंद्राने परत केलं. ते दूध माझं नव्हतं मित्रांनो, दहा-बारा घरांचं होतं.

संगमनेरच्या मेकॅनिकने ट्रान्सफर केस उघडला. आतली चेन ताणली होती, बेअरिंग गेलं होतं. तो म्हणाला, "दादा, याला नावं ठेवू नका. आधी तुमचे टायर बघा."

आत नेमकं काय होतं?

आपल्याकडच्या बहुतेक फोर बाय फोर पिकअपमध्ये लिव्हरने किंवा बटणाने लागणारं 'पार्ट-टाइम' फोर-व्हील-ड्राइव्ह असतं. टू-एचमध्ये इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. फोर-एच लावलं की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना जखडून टाकतो. मग दोन्ही शाफ्टना सारखेच फेरे घ्यावे लागतात. एक जास्त, एक कमी, अशी सूट नाही.

आता टायरचं माप बघू. 245/70 आर 16 हा टायर घ्या. नवा असताना त्याचा व्यास साधारण 749 मिमी आणि परीघ साधारण 2,354 मिमी. म्हणजे एका फेऱ्यात गाडी एवढी पुढे जाते. समजा नव्या टायरची नक्षी 9 मिमी खोल आहे आणि जुन्याची 3 मिमी. फरक 6 मिमी. पण नक्षी दोन्ही बाजूंनी झिजते, म्हणून व्यास 12 मिमीने कमी, आणि परीघ साधारण 38 मिमीने कमी.

सोपा नियम लिहून घ्या: नक्षीतला फरक गुणिले सव्वासहा, म्हणजे परिघातला फरक.

38 मिमी म्हणजे चार बोटंसुद्धा नाहीत, त्याने काय होतंय? आता किलोमीटर मोजा. नवा टायर 1 किलोमीटरला साधारण 425 फेरे घेतो, झिजलेला साधारण 432. सात फेऱ्यांचा फरक. शाफ्ट जखडलेले असताना हे सात फेरे जाणार कुठे? कुठल्या तरी चाकांना घसरावंच लागतं, किलोमीटरमागे जवळजवळ 16 मीटर.

चिखलात चाक सहज घसरतं, म्हणून ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर टायर पकडून ठेवतो, घसरत नाही. मग तो पीळ शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, ट्रान्सफर केसच्या चेन-गिअरमध्ये आणि दोन्ही एक्सलच्या क्राऊन-पिनियनमध्ये साठत जातो. ओलं धोतर दोघांनी उलट्या दिशेने पिळावं तसं. लिव्हर अडकते ती या पिळामुळेच. अशा वेळी ती जोरात ओढू नका. मोकळ्या जागेत गाडी सरळ रिव्हर्समध्ये थोडी मागे घ्या, बहुतेक वेळा पीळ सुटतो.

आणखी एक गोष्ट. चारही टायर अगदी सारखे असले तरी वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. म्हणून कोरड्या डांबरी घाटात पार्ट-टाइम फोर-एच लावूच नये. टायर वेगवेगळे असले की हा त्रास सरळ रस्त्यावरही सुरू होतो.

एकाच एक्सलवर डावा नवा, उजवा जुना असेल तर?

तिथे डिफरेन्शिअल असतं, ते दोन चाकांना वेगवेगळे फेरे घेऊ देतं. पण त्याचं मुख्य काम वळणापुरतं. टायर वेगळे असले की त्याचे आतले गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात. झीज वाढते, ऑइल तापतं.

ज्या गाड्यांत ऑल-व्हील-ड्राइव्ह कायम चालू असतं, तिथे नियम आणखी कडक. सुबारू कंपनी चार टायरच्या परिघात पाव इंच, म्हणजे साधारण 6 मिमीपर्यंतच फरक ठेवायला सांगते. आपल्या नियमाने हिशोब करा: नक्षीत जेमतेम 1 मिमी!

गाडीवर करायची कामं

1. डेप्थ गेज घ्या, फार महाग नसतो. महिन्यातून एकदा पाचही टायर मोजा, स्टेपनीसकट. आकडे वहीत लिहा.
2. गेज नसेल तर खडू चालतो. टायरवर आणि जमिनीवर खूण करा, गाडी सरळ दहा फेरे पुढे न्या, टेपने अंतर मोजा. पुढच्या आणि मागच्या चाकाचं वेगवेगळं मोजा. वरच्या उदाहरणात दहा फेऱ्यांत 38 सेंटीमीटरचा फरक दिसेल.
3. दर 8,000 ते 10,000 किलोमीटरला टायर पुढे-मागे बदला. स्टेपनीलाही फेरीत घ्या, म्हणजे पाचही टायर सोबत झिजतील.
4. साईज, कंपनी आणि नक्षी चारही चाकांना एकच. कंपनी बदलली की छापील साईज तीच असूनही खरं माप थोडं वेगळं येऊ शकतं.
5. हवा तपासा. हवा कमी असलेलं चाकही थोडं लहान असल्यासारखंच वागतं.
6. दोनच टायर घेण्याची वेळ आलीच, तर फोर-एच फक्त चिखलात, वाळूत. डांबर लागलं की लगेच टू-एच.
7. सेकंडहँड फोर बाय फोर घेताना पुढचे-मागचे टायर वेगळे दिसले, तर ट्रान्सफर केस आणि दोन्ही एक्सल मेकॅनिककडून तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका.

आता धंद्याचा हिशोब

माझ्याकडे चार टायरचे पैसे का नव्हते? पावसामुळे नाही, नशिबामुळे नाही. मी दर ठरवताना डिझेल धरलं, ड्रायव्हर धरला, हप्ता धरला. टायर धरलाच नाही.

समजा एक टायर 9,000 रुपयांचा. पाच टायर 45,000. पाचही फेरीत असताना संच 50,000 किलोमीटर चालतो असं धरा. म्हणजे किलोमीटरमागे 90 पैसे. रोज 80 किलोमीटर फिरलात तर 72 रुपये. रोज 600 लिटर दूध उचलत असाल तर लिटरमागे फक्त 12 पैसे! हे 12 पैसे दरात धरले असते आणि रोज 72 रुपये वेगळ्या डब्यात टाकले असते, तर टायर गोटा होण्याआधीच पूर्ण संचाचे पैसे तयार असते.

मी त्या दिवशी दोन टायरचे 18,000 वाचवले असं मला वाटलं. खरं तर ते वाचलेच नाहीत, ट्रान्सफर केसच्या बिलात गेले. वर पाच दिवस भाड्याची गाडी, आणि त्या घरांसमोर खाली घातलेली मान. तिची पावती कुठल्याच गॅरेजमध्ये मिळत नाही.

हे गाडीपुरतंच नाही. पिठाची गिरणी असो, शिलाईची मशीन असो की डीप फ्रीजर, झिजणारी प्रत्येक वस्तू तुमच्या दरात असायलाच हवी. झिजते ती वस्तू, पण भरावं तुम्हालाच लागतं.

गृहपाठ: आज रात्री तुमच्या धंद्यातल्या झिजणाऱ्या पाच वस्तू लिहा. प्रत्येकीची किंमत भागिले तिचं आयुष्य करा. तो आकडा तुमच्या दरात आहे का, ते बघा. नसेल, तर उद्यापासून डबा सुरू करा.

भेटूया पुढच्या धड्यात. तोपर्यंत टायर मोजा!