आकाशातून आलेली शाळा

घराच्या गच्चीवर बसवलेली दूरदर्शनची थाळी तुम्ही रोज पाहता. तिचे तुम्हाला नवल वाटत नाही. परंतु १ ऑगस्ट १९७५ रोजी भारतातील २,४०० खेड्यांत प्रथमच अशा थाळ्या काम करू लागल्या, तेव्हा यांपैकी बहुतेक गावांनी दूरदर्शन पाहिलेलाच नव्हता! ‘साइट’ या नावाने ओळखला गेलेला हा प्रयोग वर्षभर चालला. त्यातील विज्ञान आज समजावून घेऊ.

शाळेसाठी उपग्रह कशाला?

दूरदर्शनच्या लहरी प्रकाशाप्रमाणेच जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे उंच मनोऱ्यावरून सोडलेल्या लहरीही शंभरेक किलोमीटरपलीकडे नीट पोहोचत नाहीत. मग साऱ्या देशासाठी किती मनोरे उभारावे लागतील? डॉ. विक्रम साराभाई यांनी यावर उपाय सुचवला: एकच मनोरा, पण आकाशात! त्यासाठी १९६९ साली अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेशी करार झाला. साराभाई १९७१ मध्ये निवर्तले. परंतु काम थांबले नाही. प्रा. यशपाल हे तेव्हा अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक होते, तर या प्रयोगाचे व्यवस्थापन मूळचे कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस यांच्याकडे होते.

‘एटीएस-६’ हा अमेरिकी उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर होता. या उंचीवरील उपग्रहाला एका प्रदक्षिणेस २३ तास ५६ मिनिटे लागतात. पृथ्वीलाही स्वतःभोवती फिरण्यास तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे जमिनीवरून पाहता तो एकाच जागी स्थिर भासतो. थाळी एकदा त्याच्याकडे रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही.

जाळीची थाळी

उपग्रहावरील प्रक्षेपकाची शक्ती होती फक्त ८० वॅट, म्हणजे एखाद्या विजेच्या दिव्याइतकी. ही शक्ती सर्व दिशांना विखुरली असती तर खेड्यापर्यंत जवळजवळ काहीच पोहोचले नसते. म्हणून उपग्रहावर ९ मीटर व्यासाची, छत्रीसारखी उलगडणारी थाळी बसवलेली होती. तिने लहरींचा झोत तयार केला आणि तो ढोबळमानाने १,७०० किलोमीटर व्यासाच्या वर्तुळावर टाकला. या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर होते. आता गणित करा. खेड्यातील थाळीचा व्यास ३ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मीटर. तिच्या वाट्याला एका वॅटचा अब्जावा भागही येत नाही! तेवढ्यावरच चित्र उमटवायचे होते.

गंमत अशी, की ही थाळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची होती. लहरी जाळीतून निसटत कशा नाहीत? त्यांची वारंवारता होती ८६० मेगाहर्ट्झ. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते: सुमारे ३५ सेंटिमीटर. जाळीची भोके त्याहून पुष्कळच लहान. अशा लहरीला जाळी अखंड पत्र्यासारखीच वाटते आणि ती परावर्तित होते. जाळी स्वस्त, हलकी, आणि वारा तिच्यातून आरपार जातो. गच्चीवरील आजच्या थाळीकडे येणाऱ्या लहरी मात्र जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात. तिला अशी जाळी चालणार नाही.

पडद्यावर काय होते?

राजस्थान, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा, आंध्र प्रदेश व कर्नाटक ही सहा राज्ये निवडलेली होती. सकाळी दीड तास ५ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी कार्यक्रम असत. हिंदी, उडिया, तेलुगू व कन्नड या प्रत्येक भाषेला साडेबावीस मिनिटे मिळत. संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती व आरोग्याचे विषय असत. शाळांच्या सुट्टीत हजारो प्राथमिक शिक्षकांना याच पडद्यावरून विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण मिळाले.

३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला. उपग्रह दुसऱ्याचा होता. तो पुन्हा पश्चिमेकडे नेण्यात आला. ज्या गावाला वर्षभर पडद्याची सवय झाली, त्याला एकाएकी तो बंद झालेला पाहावा लागला. आपला स्वतःचा उपग्रह का हवा, हे याहून स्पष्ट कशाने होणार? १९८३ मध्ये ‘इन्सॅट-१ बी’ आणि २००४ मध्ये खास शिक्षणासाठीचा ‘एज्युसॅट’ अवकाशात गेला.

‘साइट’मध्ये आणखी एक उणीव होती. पडदा बोले, पण मुलाला प्रश्न विचारता येत नसे. ‘एज्युसॅट’मुळे काही वर्गांतून प्रश्नही विचारता येऊ लागले. प्रश्न वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद आणि उत्तरालाही तितकाच वेळ लागे. अर्धा सेकंद थांबणे फार नाही. परंतु ज्या शाळेत पडदा आहे, पण शंका ऐकणारा शिक्षक नाही, तेथील मुलाला कितीतरी जास्त थांबावे लागते. यंत्र अंतर कमी करते. ऐकणारे माणूस मात्र आपल्यालाच द्यावे लागते.

करून पहा

१. ट्रान्झिस्टर सुरू करून स्टीलच्या डब्यात ठेवा व झाकण घट्ट लावा. मग तोच प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. आवाजात कोणता फरक पडतो? का?

२. १०० मेगाहर्ट्झवरील एफएम केंद्राच्या लहरीची तरंगलांबी काढा. (उत्तर: ३ मीटर)