बॅटरी भरलेली, तरी अंधार

(ठाण्यात नौपाड्याच्या विष्णुनगरमधलं घर. नानांनी आयुष्यभर वायरिंगची कामं केली. तन्वी शेजारच्या इमारतीतली.)

तन्वी : नाना, लाइट गेली की पंखा आणि दिवे तासन्‌तास चालतात. पण आजीचं ऑक्सिजनचं मशीन जोडलं की थोड्या वेळात इन्व्हर्टर बंद. दुकानदार म्हणतो, बॅटरी बदला.

नाना : काही न मोजता?

तन्वी : मी मोजली ना. 12.6 व्होल्ट. म्हणजे बॅटरी चांगली, हो ना?

नाना : कधी मोजलीस? बंद पडल्यावरच ना? तेव्हा लोड सुटलेला असतो, व्होल्टेज पुन्हा वर चढतं. त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. बंद पडताना पॅनेलवर काय येतं?

तन्वी : लो बॅटरी.

नाना : म्हणजे ओव्हरलोड नाही. आता हिशेब बघ. पंखा-दिवे 100 वॉट, मशीन साधारण 350. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून 12 व्होल्टच्या बॅटरीतून 45 अँपिअरच्या आसपास करंट ओढला जातो. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर धरलाय, नट ढिला आहे, तिथे 0.03 ओहमचा अडथळा आहे असं समज. सव्वा व्होल्टहून जास्त त्या सांध्यातच जातात. बॅटरीवर 11.8 असले तरी इन्व्हर्टरला साडेदहाच दिसतात, आणि साडेदहाच्या आसपास तो बॅटरी वाचवायला स्वतःच बंद होतो. नुसत्या पंख्यादिव्यांना करंट 10 अँपिअर, सांध्यात जाणार जेमतेम 0.3 व्होल्ट. म्हणून तेव्हा काही कळत नाही.

तन्वी : पण रात्री, आजी झोपलेली असताना बंद पडलं तर?

नाना : त्यावर येतो. आधी हे ऐक. मशीन चालू ठेवून दोनदा मोजायचं. एकदा बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे. मग इन्व्हर्टरच्या टोकाला. दोन्हीकडे व्होल्टेज पडलं तर दोष बॅटरीत. खुंटावर ठीक आणि इन्व्हर्टरकडेच कमी, तर केबल नाहीतर सांधा. त्या 0.03 ओहममध्ये 60 वॉट उष्णता होते, सांधा तापून काळा पडतो.

तन्वी : आणि बॅटरीत दोष निघाला तर?

नाना : हायड्रोमीटर घालून ॲसिडची घनता बघ. सहा खाने असतात. पाचांत सारखी आणि एकात खूप कमी आली, तर तो खाना गेला. पाणी कुठलं घालता?

तन्वी : फिल्टरचं.

नाना : अगं, प्यायला शुद्ध म्हणजे बॅटरीला शुद्ध नव्हे! त्यात क्षार उरतात. डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. आणि तुमचा इन्व्हर्टर त्या बंद कपाटात आहे ना? इथले जुने वाडे पडून टॉवर झाले, आता भिंतीवर काही दिसायला नको म्हणून हवा लागणारी वस्तू फळीमागे कोंबतात. इन्व्हर्टर तापून बंद पडतो, आणि चार्ज होताना बॅटरीतून निघणारा हायड्रोजनही तिथेच साठतो. दार काढून टाका.

तन्वी : काढते. पण नाना, सगळं दुरुस्त केलं तरी आजीच्या मशीनची खात्री देता येईल?

नाना : नाही. इथे कुणी खात्री दिली तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. 12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ आठव. खाडीपलीकडे कळवा-पडघा मार्गावर एक वाहिनी देखभालीसाठी बंद होती, भार दुसरीवर होता, तीही गेली. मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. काही ठिकाणी दोन-अडीच तासांनी आली, काही ठिकाणी बऱ्याच उशिरा. कोविडचे दिवस होते, घराघरांत ऑक्सिजनवरची माणसं होती. एवढा वेळ तुमची बॅटरी हे मशीन ओढेलच असं नाही. म्हणून भरलेला सिलिंडर आणि रेग्युलेटर घरात हवाच. तो बॅटरीपासून, गॅसपासून, देवघरातल्या दिव्यापासून लांब ठेवायचा. किती लिटरवर लावायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

तन्वी : सिलिंडर आजच आणते. बॅटरीचं मात्र तुम्हीच बघा.

नाना : मोजशील तूच, मी दाखवतो. हातातल्या धातूच्या बांगड्या आधी काढ. टर्मिनल उघडायच्या आधी मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद, आणि पहिली निगेटिव्ह सोडायची. पण ते नंतर. सध्या वीज आहे, आजीचं मशीन थेट मेनवरच राहू दे. इन्व्हर्टरचा मेनचा प्लग काढ, मशीनच्या जागी तेवढ्याच वॉटचा मिक्सर इन्व्हर्टरवर लाव आणि मीटरचे प्रोब घे.