यंत्र आज्ञावली लिहील, ती तपासणार कोण?

संगणकाकडून काम करवून घ्यावयाचे तर ते क्रमबद्ध आज्ञांनी सांगावे लागते. या आज्ञांची मालिका म्हणजे आज्ञावली होय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफरॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला, तेव्हा आज्ञा यंत्राच्याच अंकभाषेत मांडाव्या लागत. पुढे माणसाच्या भाषेस जवळच्या संगणकभाषा रूढ झाल्या. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या ‘टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर’मध्ये तर कामाच्या आराखड्यावरून आज्ञावली तयार करणारी साधने घडविली गेली. २०२२ च्या अखेरीस चॅट-जीपीटी आले आणि आता साध्या मराठीत मागणी केली तरी आज्ञावली लिहून मिळते.

मग उच्च प्राथमिक वर्गांत आज्ञालेखनाची ओळख करून द्यावी, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे, त्याचे प्रयोजन काय उरले? शंका रास्त आहे.

दोडामार्ग तालुक्यातील एखादी शाळा डोळ्यांसमोर आणावी. पहिली ते पाचवीची २४ मुले उपस्थित आहेत, सहावी ते आठवीची १६. पोषण आहारात तांदळाचे प्रमाण लहान गटास दरडोई १०० ग्रॅम, मोठ्या गटास १५० ग्रॅम. समजा, गुरुजींनी यंत्राकडून उपस्थितीवरून तांदूळ काढणारी आज्ञावली लिहून घेतली आणि यंत्राने सर्वांस १०० ग्रॅम धरले. उत्तर येईल ४ किलो. आज्ञावली नेटकी दिसेल, कोठे अडणारही नाही. मात्र हवा असलेला तांदूळ आहे ४ किलो ८०० ग्रॅम. ८०० ग्रॅमांची ही तूट मुलांच्याच ताटांत पडावयाची. यंत्रास दोष द्यावा, तर गट दोन आहेत हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते! ही चूक ज्याने हिशेब पाटीवर करून पाहिला त्यालाच सापडेल.

म्हणून सातवीच्या वर्गात हा पाठ घेताना आज्ञा मुलांकडूनच फळ्यावर लिहवून घ्याव्यात. एका मुलाने यंत्र व्हावे, लिहिले असेल तेवढेच करावे, मनाचे काही घालू नये. इतरांनी त्यास निरनिराळे आकडे द्यावेत. यास संगणक लागत नाही. पावसाळ्यात वीज गेली तरी पाठ अडत नाही. प्रथम नेहमीची उपस्थिती द्यावी. मग विचारावे : ओहोळास पाणी चढले आणि मोठ्या गटातील एकही मूल शाळेत पोहोचले नाही, तर? उत्तर २ किलो ४०० ग्रॅम आले पाहिजे. न आल्यास कोणती आज्ञा चुकली ते मुलांनीच शोधावे, ती खोडून पुन्हा लिहावी आणि सर्व आकडे पहिल्यापासून तपासावेत.