पाचटाला काडी लावू नका, सरीत कुजवा

ऊसतोडीचा हंगाम भरात आहे. टोळी फड मोकळा करून पुढे सरकली की लगेच पाचट पेटते आणि गावावर धूर बसतो. थंडीत हा धूर वर जात नाही. रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा जड होते, वर उबदार हवेचे झाकण तयार होते. ऊन चढेपर्यंत धूर घरांच्या उंचीवरच कोंडून राहतो.

डोळे चुरचुरतात, खोकला येतो, तेवढे आपल्याला कळते. पण अडीच मायक्रॉनहून बारीक कण नाका-घशात अडत नाहीत. ते फुप्फुसात खोलवर उतरतात, काही रक्तातही जातात. दमा बळावतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. या कणांची २४ तासांची सरासरी मर्यादा भारतात घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने ती १५ सांगितली आहे. फडाशेजारी कोपीत राहणाऱ्या तोडणी मजुरांच्या लेकरांना तर हा धूर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त मिळतो. त्यांना दार लावून आत बसायचीही सोय नसते. तोडणी सोपी व्हावी म्हणून उभा ऊसच पेटवण्याचा आग्रह झाला, तर ठाम नकार द्या. जळीत उसाचे वजन व साखर उतारा घटतो, दरातही कपात होते.

पिकालाही हा धूर मानवत नाही. धुरातल्या वायूंपासून उन्हात ओझोन तयार होतो. तो पानांच्या छिद्रांतून आत शिरून हरितद्रव्य बिघडवतो. गहू त्याला लवकर बळी पडतो.

आता जमिनीचे पाहा. एकरी तीन-चार टन पाचट निघते आणि त्यात अर्धा टक्का नत्र धरले तरी १५ ते २० किलो होते. म्हणजे युरियाची जवळपास एक गोणी आपण हवेत सोडतो. सेंद्रिय कर्ब जातो तो वेगळाच.

खोडवा ठेवणार असाल तर बुडख्यांवरचे पाचट बाजूला करून सरीत दाबा. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. पाचटाच्या दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू वापरा. जिवाणू शेणखतात मिसळून पसरावेत, मग पाणी द्यावे. सरीतून पाणी पुढे सरकत नाही, ही तक्रार खरी आहे. अशा रानात एकाआड एक सरीत पाचट भरा आणि मोकळ्या सरीतून पाणी सोडा. ट्रॅक्टरचे कुट्टी यंत्र मिळाले तर काम आणखी सोपे होते. बगला फोडायची घाई करू नका. खत पहारीने भोक घेऊन, बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर द्या, पहिली मात्रा पंधरा दिवसांच्या आत आणि दुसरी १३५ दिवसांनी. आच्छादनामुळे ओल टिकते, तण कमी उगवते आणि उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पाळ्या वाचतात.

शेजारचे रान पेटलेच तर म्हातारी माणसे, गरोदर बाया आणि दमेकऱ्यांना घरात ठेवा. तोंडाला रुमाल बांधून बारीक कण थांबत नाहीत, एन-९५ मास्क लागतो. आणि टोळी तुमच्या फडात येण्याआधीच युरिया, सुपर फॉस्फेट व जिवाणू आणून ठेवा.